सुनेनं तोंड उघडलं नाही

आधी सरकारनं जिल्ह्याचे चार तुकडे केले आणि मग गावातल्या कामांचे तुकडे गोळा करून त्याचं एकच गाठोडं बांधलं. तुळजाबाईला दोन्हीत काही शहाणपण दिसलं नाही. जिल्ह्याचं तिला फारसं काही नव्हतं. निर्मल वेगळं झालं काय आणि मंचेरियल वेगळं झालं काय, सावरखेड्याची बस आदिलाबादलाच जात होती आणि उशिरानंच जात होती. पण कामाचं गाठोडं तिच्या उंबऱ्यात येऊन पडलं, तेव्हा मात्र तिनं ओट्यावर उभं राहून सरकारच्या सात पिढ्या काढल्या.

पंचायतीत आधी ज्याचं काम त्याच्याकडं होतं. झाडणारी झाडायची, पाण्यावाला मोटार सोडायचा, दिव्यावाला खांबावर चढायचा. तुळजाबाईचा धाकटा मुलगा अमृता पाण्यावर होता. तो काविळीनं गेला तेव्हा पंचायतीनं त्याच्या बायकोला, रेणुकाला, कामावर घेतलं. पण बाईमाणसाच्या हाती मोटार कशाला म्हणून झाडू दिला. कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरची सून गावाच्या नाल्या काढणार, हे तुळजाबाईच्या घशाखाली लवकर उतरलं नाही. शेवटी खालची आळी मिळाली, जोडीला गयाबाई मिळाली, आणि माणसं दात घासायला ओट्यावर यायच्या आत दोघींचं झाडून व्हायचं, म्हणून तिनं ते गिळलं.

थोरला भगवंतराव पंचायतीच्या ट्रॅक्टरवर होता. ते काम सांगायला बरं वाटायचं.

आता नवा हुकूम आला, की सगळ्यांनी सगळं करायचं. झाडणाऱ्यांनी पाणी सोडायचं, पाण्यावाल्यानं झाडं लावायची, आणि ट्रॅक्टरसोबत जो मिळेल त्यानं जायचं. सकाळी कचऱ्याची ट्रॉली, दुपारी पाण्याचा टँकर. ट्रॉली सोडायची, टँकर जोडायचा. त्या जोडायच्या कामाला सेक्रेटरीनं रेणुकाला लावलं.

तुळजाबाई त्याच दिवशी पंचायतीत गेली. सेक्रेटरी मंचेरियलकडची तरणी पोर होती, नवीनच लागलेली. मराठी समजायची, बोलताना हिंदीवर यायची.

"बाई, तुमाले दुसरं कोणी सापडलं नाई का?" तुळजाबाई खुर्चीवर न बसता म्हणाली. "ट्रॅक्टरवर माहा थोरला हाय. तो तिचा भासरा होय."

"तो क्या हुआ अम्मा? घर के लोग हैं, अच्छा है ना."

"घरचे हायत म्हणूनच नाई चालत. ती त्याच्यापुढं उभी नाई राहत. बोलत नाई. तुमच्या ह्या कामात बोलल्याबिगर कसं होईन?"

पोरगी हसली. "अम्मा, ये मल्टिपर्पज है. सबको सब करना पड़ता है."

"तुमी बी झाडू घ्या मंग," तुळजाबाई म्हणाली, "सगळ्यायनं सगळं कराचं हाय तं."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. पोरगी लाल झाली आणि मान खाली घालून लिहायला लागली. तुळजाबाई जिंकून घरी आली आणि रेणुकाची ड्यूटी ट्रॅक्टरवरच राहिली.

त्या घराची रीत तुळजाबाईनं नवीन काढलेली नव्हती. सून भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, आली की डोक्यावरून पदर पुढं. नाव घ्यायचं नाही. सरळ बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, 'चहा ठेवला म्हणावं', आणि भिंतीपलीकडच्यानं ते ऐकायचं. तुळजाबाईनं स्वतः आपल्या भासऱ्यासमोर असाच जन्म काढला होता. तो मेला आणि अंगणात निजवला, तेव्हा तिनं त्याचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं. नाकाजवळ एक चामखीळ होती. इतकी वर्षं एका घरात राहून ती तिला ठाऊक नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता.

पहिल्या दिवशी रेणुका ट्रॅक्टरवर जायला निघाली तेव्हा तुळजाबाईनं तिला दारात अडवलं.

"काम कर. पोटासाठी कराच लागते. पण चार लोकांत भासऱ्यासमोर तोंड उघडलं तं या घरचं पाणी पिऊ नको."

"नाई उघडत, आत्याबाई," रेणुका म्हणाली.

भाद्रपदात गावात ताप पसरला. घरटी एक माणूस वाकळेत कुडकुडत होतं. नाल्यांवर डासांचे ढग उठत होते, आणि मंडलच्या कचेरीतून रोज फोन यायचा, नाल्या काढा. रेणुका आणि गयाबाई गुडघ्यापर्यंत गाळात उतरून फावड्यानं काळा चिखल ट्रॉलीत फेकायच्या. घरी आली की रेणुका न्हाणीत जाऊन राखेनं पाय घासायची, तरी वास जायचा नाही. थोरली सून प्रयाग तिचं ताट वेगळं वाढायची आणि पदर नाकाला लावायची. भगवंतरावाच्या ताटाशी मात्र तसं काही नव्हतं. तो वर सीटवर बसायचा, त्याला वास लागायचा नाही.

अशातच पंचायतीच्या आवारात सुरक्षेचं शिबिर झालं. मंडलनं पाठवलेला एक साहेब आला, सोबत खोकी आली. खोक्यांत नारिंगी जाकिटं होती, रबराचे हातमोजे होते, गुडघ्याएवढे बूट होते. सगळं पुरुषांच्या मापाचं. रेणुकाच्या हातात मोजे घातले तर तिची बोटं निम्म्यातच संपली. बुटांत गयाबाई चालायला लागली तर पाय पुढं गेला आणि बूट मागं राहिला. सरपंच सुधाकरराव मधल्या खुर्चीवर बसून मिशीत हसत होते.

तुळजाबाई आवाराच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. आपल्या सुनेला कसं नाचवतात ते बघायला ती आली होती.

साहेबानं ट्रॅक्टर आणवला. भगवंतरावाला सीटवर बसवलं. टँकरची दांडी जमिनीवर टेकलेली होती. ती उचलायची, ट्रॅक्टर मागं येऊ द्यायचा, भोकाला भोक मिळालं की वरून लोखंडी पिन सोडायची. तेवढ्यात गाडी हातभर जास्त मागं आली तर हात सापडतो. म्हणून दांडी धरणाऱ्यानं मोठ्यानं 'थांबा' म्हणायचं आणि ड्रायव्हरनं तो शब्द कानी पडताच ब्रेक दाबायचा, मग काही झालं तरी.

त्यानं एकेकाला पुढं बोलावून म्हणायला लावलं. दिव्यावाल्या नागोरावानं म्हटलं. गयाबाईनं असं म्हटलं की छपरावरचे कावळे उडाले, आणि सगळे हसले. मग रेणुकाची पाळी आली. ती दांडीजवळ गेली. पदर नाकापर्यंत ओढला. उभी राहिली.

"बोलो, अम्मा. जोर से."

रेणुका बोलली नाही. भगवंतराव सीटवर पाठ करून बसला होता, तो समोरच्या कडुलिंबाकडं बघत राहिला.

"डरो मत. एक बार."

"ती नाई बोलणार, साहेब," तुळजाबाई भिंतीजवळून म्हणाली. "गाडीवर तिचा भासरा हाय."

सरपंचांनी साहेबाला तेलुगूत समजावून सांगितलं. सांगता सांगता ते हसले. साहेबही हसला. "घर में मत बोलो अम्मा, काम पर बोलना पड़ता है."

"घरचं तोंड अलग अन कामाचं तोंड अलग, असं कोणाचं राह्यते?" तुळजाबाई म्हणाली. "तुमच्या घरी असन तं असन."

साहेबाचं हसू गेलं. त्यानं कागदावर काहीतरी टिपलं, आणि जाकिटं घातलेल्या सगळ्यांचा फोटो काढला. फोटोनंतर सेक्रेटरीनं जाकिटं घडी करून पंचायतीच्या कपाटात ठेवली. मळू नयेत म्हणून.

त्या संध्याकाळी तुळजाबाईनं रेणुकाला ताटात जास्तीचं तूप वाढलं. प्रयागनं ते बघितलं आणि परात आपटली.

दसरा जवळ आला होता. पऱ्हाटीला बोंडं धरली होती आणि तुळजाबाई शेतात कडेचं गवत कापत होती, तेव्हा गयाबाई धुऱ्यावरून, बांधाबांधानं, धावत आली. तिच्या लुगड्यावर रक्त होतं. तुळजाबाईला आधी ते गयाबाईचंच वाटलं.

"चाल वो, तुळजाबाई. रेणुकाचा हात सापडला."

"कशात?"

"टँकर लावून राह्यली होती. पिन टाकता टाकता गाडी मागं आली."

तुळजाबाईनं विळा खाली टाकला. "गाडीवर कोण होतं?"

"कोण राहीन," गयाबाई म्हणाली आणि दुसरीकडं बघायला लागली. "भगवंतराव."

आदिलाबादच्या दवाखान्यात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढून टाकलं. मधल्या बोटाला टाके पडले. रेणुका भिंतीकडं तोंड करून निजली होती. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून वर टांगला होता, बोचकं टांगावं तसा. भगवंतराव आत आला नाही. पायरीवर बसला होता. तुळजाबाई बाहेर आली तसा तो उभा राहिला.

"आवाज नाई आला, माय," तो म्हणाला. "आवाज आला असता तं थांबलो असतो मी."

तुळजाबाईनं त्याला काही विचारलंच नव्हतं.

ती आत गेली आणि खाटेच्या काठावर बसली. रेणुका जागी होती.

"तू आवाज नाई देल्ला?"

रेणुकानं मान वळवली. सासूच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग पट्ट्यांकडं पाहिलं आणि डोकं हलवलं. नाही.

तुळजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बोटांसाठी होतं, पण तेवढ्यासाठीच नव्हतं. तिनं रेणुकाच्या कपाळावरचे केस मागं सारले. लग्न होऊन आल्यापासून तिनं या सुनेच्या अंगाला असा हात लावला नव्हता.

आणि मग ती सांगत सुटली. गिरणीवर सांगितलं, नळावर सांगितलं, शनिवारच्या बाजारात परगावच्या बायांना थांबवून सांगितलं. "बोटं गेली, पण भासऱ्यासमोर तोंड नाई उघडलं माह्या सुनेनं. आजकालच्या पोट्ट्या बगा अन हे बगा." ऐकणाऱ्या बाया तोंडात पदर घालायच्या, चुकचुक करायच्या. कोणी म्हणायच्या, धन्य आहे. कोणी नुसत्याच एकमेकींकडं पाहायच्या. गयाबाई भेटली की मात्र विषय बदलायची, दळणाचं काढायची. तुळजाबाईला वाटलं, जळते.

घरात गोष्ट निराळी होती. भगवंतराव जेवायला बसला की रेणुका माजघरात जायची आणि तो अर्धं ताट टाकून उठायचा. ट्रॅक्टर त्यानं सोडला नव्हता. प्रयाग दिवसभर भांड्यांशी बोलायची.

"एकीचा हात गेला, आता दोघींचं काम एकीनं कराचं. अन नाव माह्या माणसाचं खराब. गावात हाटेलात बसले की लोकं इचारतेत त्याले, भावजयीची बोटं कशी खाल्ली म्हणून."

"लोकायचं तोंड हाय, बोलू दे," तुळजाबाई म्हणाली.

"तुमचंच तोंड हाय, आत्याबाई. तुमीच तं सांगून राह्यल्या गावभर."

तुळजाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की प्रयाग चुलीत फुंकर घालायला लागली.

बोंडं फुटली. मजुरीनं बाया मिळत नव्हत्या, तेव्हा तुळजाबाई पट्टी बांधलेल्या रेणुकालाच वेचणीला घेऊन गेली. पोटाशी धोतराची ओटी बांधली आणि पऱ्हाटीच्या ओळींतली एक तास एकीनं धरली, दुसरीनं दुसरी. रेणुका डाव्या हातानं वेचत होती. डाव्या हाताला सवय नव्हती. सुकलेल्या बोंडाची टोकं तिच्या नखांत शिरत होती, कापूस निम्मा हातात यायचा आणि निम्मा बोंडालाच लोंबत राहायचा. मग ती न सांगता उजवा हात पुढं करायची आणि पट्टी बोंडाला लागली की श्वास आत ओढायची. तुळजाबाई पुढं निघून जायची, मागं वळून पाहायची, थांबायची. उन्हानं पट्टीवर पिवळा डाग वर आला.

"बस तिकडं बांधावर," तुळजाबाई म्हणाली.

"होते जी."

"होते म्हणते अन मागं सगळी पऱ्हाटी पांढरी ठेवून येते. अशी वेचणी असते का? बस म्हणलं तं बस."

रेणुका बसली नाही. तुळजाबाईच आपली तास सोडून तिच्या तासेवर आली आणि तिनं सोडलेला कापूस मागून काढत गेली.

कापूस निम्मा घरात आला तेव्हा पंचायतीचं बोलावणं आलं. कामावर कोणाला इजा झाली तर चौकशी करायची असा नियम होता, आणि मंडलचा साहेब त्यासाठी येणार होता. तोच, शिबिराचा.

पंचायतीच्या आवारात लिंबाखाली टेबल मांडलं होतं. साहेब, सरपंच सुधाकरराव, सेक्रेटरी. समोर गाव. भगवंतराव बाकड्याच्या टोकाला, शेजारी प्रयाग. रेणुका तुळजाबाईच्या मागं पाठमोरी बसली होती, भासऱ्याला तोंड दिसू नये म्हणून. गयाबाई आणि नागोराव कामावरचे म्हणून पुढं बसवले होते.

साहेबानं कागद वाचला आणि सरपंचाला सांगितलं. सरपंचांनी मराठीत केलं. शिबिर झालं होतं. कसं ओरडायचं ते शिकवलं होतं. बाईनं शिबिरातही सांगितलेलं केलं नाही आणि कामावरही केलं नाही. आपल्या चुकीनं इजा करून घेणाऱ्याला अशा कामावर ठेवता येत नाही. तिच्या जागी दुसरी बाई घ्यावी लागेल.

"दुसरी कोण?" तुळजाबाईनं विचारलं.

"पाहू कोणीतरी," सरपंच म्हणाले.

"पाहाचं काय हाय? तुमची भाची सासर सोडून आली, तिले लावता. सगळ्या गावाले माहीत हाय."

"तुळजाबाई, तोंड सांभाळून बोला."

"मी सांभाळतच आली जन्मभर. ती बाई झाडणारी होती. झाडाले लावली होती. तिले लोखंडाची दांडी उचलाले कोणं सांगतलं? चार माणसायचं काम एकीच्या गळ्यात बांधलं अन आता म्हणता, चूक तिची."

साहेबाला सरपंचांनी ते सांगितलं नसावं, कारण तो फक्त घड्याळाकडं पाहत होता. मग त्यानंच हिंदीत सुरू केलं, सावकाश, लहान पोराला समजवावं तसं.

"अम्मा, दो ही बातें हैं. उसने आवाज़ नहीं दी, तो गलती उसकी. आवाज़ दी और ड्राइवर नहीं रुका, तो गलती ड्राइवर की, उसको हटाएँगे. तीसरी बात नहीं है. ड्राइवर बोलता है, आवाज़ नहीं आई."

"नाही आली," भगवंतराव जमिनीकडं पाहत म्हणाला.

"और तुम खुद पूरे बाज़ार में बोलती हो, बहू ने मुँह नहीं खोला."

आवारात हसू उठलं. मोठं नव्हतं. पण बायांच्या बाजूनं उठलं, आणि तेच तुळजाबाईला लागलं. ज्या बायांना तिनं थांबवून थांबवून सांगितलं होतं, त्याच होत्या. तिच्या मिरवण्याचीच आता साक्ष झाली होती, आणि त्या साक्षीवर सुनेची भाकर जात होती.

तिला तिथल्या तिथं सगळं दिसलं. रेणुकाचं काम गेलं तर अमृताच्या मागं जे काही उरलं होतं ते गेलं. भगवंतरावाचं गेलं तर थोरल्याचं घर गेलं, आणि आपल्या तोंडानं गेलं. एक पोटचा होता. दुसरी त्याच्या भावाच्या मागं राहिलेली.

ती उभी राहिली. मागं वळली आणि रेणुकाच्या समोर गेली.

"सांग त्यायले. गाडी मागं आली तवा काय झालं, ते सांग."

रेणुकानं पदर आणखी पुढं ओढला. बोटानं मागं दाखवलं. भासरा बसला आहे.

"बसू दे."

"आत्याबाई..."

"मी सांगून राह्यली ना. घरची मोठी मी हाव. बोल."

रेणुका उठली. अजून पाठच केली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, पण बोलली सासूशी.

"म्या आवाज देल्ला होता."

लिंबावरून वाळकी पानं पडत होती, ती टेबलावरच्या कागदांवर पडत राहिली. सेक्रेटरी पोरीनं लिहिणं थांबवलं.

"काय म्हणली?" तुळजाबाईनं विचारलं.

"आवाज देल्ला होता, आत्याबाई. दोन बार देल्ला."

"खोटं बोलून राह्यली," प्रयाग उठून म्हणाली. "नोकरी जाते म्हणून बोलून राह्यली. इतके दिवस काय जीभ झडली होती का?"

"खोटं नाई," गयाबाई खाली बघत म्हणाली. "म्या आयकला. मी नालीत होती. मले तिनं दवाखान्यातून सांगून पाठवलं, कोणाजवळ बोलू नको म्हणून."

तुळजाबाई मात्र बायांकडं पाहत नव्हती. ती थोरल्याकडं पाहत होती. तो लहान असताना खोटं बोलला की डाव्या पायानं माती उकरायचा. आता बूट होते पायात. बूट माती उकरत होता.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आयकलं होतं?"

"माय, घरी बोलू."

"घरी काय बोलतं? चौकशी अठी चालू हाय. आयकलं होतं का नाई?"

भगवंतरावानं चुकून वर पाहिलं.

"आयकलं," तो म्हणाला.

"मंग?"

"समोर हाटेलात सगळे बसले होते. भर रस्त्यात भावजय मले नाव घेऊन हाका मारून राह्यली. मले काही समजलंच नाई. मले वाटलं, ह्या लोकायनं आयकलं आता." तो थांबला. "म्या मान फिरवली. आयकलंच नाई असं दाखवाले. पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी मागं गेली होती."

"अन मले पायरीवर म्हणाला, आवाज नाई आला."

"काय सांगू मंग? तूच शिकवलं ना आमाले सगळं?"

सरपंच खाकरले. "बरं, हे घरचं भांडण हाय. घरी बसून मिटवा. साहेबाले टाइम नाई."

"घरचं असतं तं तुमी कायले टेबल मांडलं?" तुळजाबाई म्हणाली. थोरल्यासमोर तिनं हात पसरला. "चाबी."

"माय..."

"चाबी दे म्हणलं."

त्यानं खिशातून चावी काढली. लाल दोरा बांधलेला होता तिला. तुळजाबाईनं ती नेऊन साहेबाच्या कागदांवर ठेवली, टाकली नाही.

"घ्या. आयकून थांबला नाई, तुमच्या नियमानं ह्याले उतरवा. अन ते दुसरं बी लिहा. झाडणारीले टँकर जोडाले कोणं लावलं ते. ते आधी लिहा. मी उभी हाव, लिहून होईपर्यंत."

"देखेंगे," साहेब म्हणाला.

"पाहू नका. लिहा."

साहेबानं सरपंचाकडं पाहिलं, सरपंचांनी लिंबाकडं. लिहिलं ते सेक्रेटरी पोरीनं, खाली मान घालून, तेलुगूत. तुळजाबाईला ते वाचता येत नव्हतं. मराठीतलंही तिला फार वाचता येत नव्हतं. तरी ती पोरीची लेखणी थांबेपर्यंत उभी राहिली.

प्रयाग आवाराच्या फाटकात आडवी आली. तिचे डोळे सुजले होते. "आजपासून आमची चूल अलग. म्हातारपणी हिच्याच हातची खाजा आता. तीन बोटायची भाकर."

"खाईन," तुळजाबाई म्हणाली. "सर बाजूले."

भगवंतराव बायकोच्या मागं उभा होता. तो आईकडं येईल असं तुळजाबाईला वाटलं होतं. तो आला नाही. हाटेलाच्या दिशेनंही गेला नाही. नुसता उभा राहिला, ट्रॅक्टरच्या चाकाला हात लावून, आणि ट्रॅक्टर आता त्याचा नव्हता.

दोघी शेताच्या वाटेनं घरी निघाल्या. गावातून गेल्या असत्या तर जवळ पडलं असतं, पण तुळजाबाई गावातून गेली नाही. वाटेवर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, वेचून झालेली, काळी. तुळजाबाई पुढं आणि रेणुका मागं. रेणुकाच्या डोक्यावर अजून पदर होता. वाटेत कोणी नव्हतं.

"गावात माह्यं हसू केलं तू," तुळजाबाई मागं न पाहता म्हणाली.

"हो."

"बाजारात उभी राहून सांगून राह्यली होती मी. येडी सारखी. अन तू घरात बसून आयकत होती."

"हो."

"दवाखान्यात इचारलं तवा काऊन नाई सांगतलं?"

रेणुका थोडी मागं पडली होती. चार पावलं उचलून ती जवळ आली. "तुमच्या तोंडाकडं पाह्यलं, आत्याबाई. तुमाले 'नाई' आयकाचं होतं."

तुळजाबाईनं पावलं वाढवली. ओढ्याजवळ चढ होता, तिथं तिला धाप लागली आणि थांबावं लागलं. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. रेणुका बाजूला उभी राहिली, दुखरा हात दुसऱ्या हातात धरून, लेकरू धरावं तसा.

"काय म्हणून हाक मारली होती त्याले?"

"आधी नुसतं 'थांबा' म्हणाले गेली. तोंडातून निघेच ना. गाडी येऊनच राह्यली होती. मंग भगवंतराव म्हणलं."

"राव म्हणलं?"

"हो."

"बोटं आत होती तवा?"

"आत होती. तरी त्यायनं मान वळवली तं मंग आणखी एकदा म्हणलं. अवजी भगवंतराव, थांबा जी, म्हणलं."

तुळजाबाई तिच्याकडं पाहत राहिली. सुनेचा पदर वाऱ्यानं मागं सरकला होता आणि तिनं तो सवयीनं पुढं ओढला, तीन बोटांनी.

"भगवंत्या म्हणाचं होतं," तुळजाबाई म्हणाली. "तेवढ्यात निघाला असता हात."

आणि ती चढ चढायला लागली.